संपृक्त मेदाम्लांच्या साखळीची लांबी आणि रक्तातील कोलेस्टेरॉल

खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरील पोषणमूल्यांच्या तक्त्यात ‘संपृक्त मेद’ या नावापुढे ग्रॅममधील एकच आकडा छापलेला असतो, आणि त्यामुळे वाचणाऱ्याचा असा समज होतो की संपृक्त मेद हा एकच पदार्थ असून तो जितका पोटात जाईल तितके रक्तातील कोलेस्टेरॉल वाढेल. वस्तुतः त्या एका आकड्यात निदान आठ निरनिराळी मेदाम्ले एकत्र मोजलेली असतात. आतड्यातून शरीरात शिरण्याचे त्यांचे मार्ग वेगळे असतात, यकृतात पोहोचल्यावर त्यांचे जे होते तेही वेगळे असते, आणि त्यांतील काही कोलेस्टेरॉल स्पष्टपणे वाढवतात, तर निदान एक असे आहे की त्याचा परिणाम जवळजवळ शून्य असतो. या भेदाचे मूळ रेणूच्या एका अगदी साध्या गुणधर्मात, म्हणजे त्याच्या लांबीत आहे.

मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची एक सरळ साखळी, जिच्या एका टोकाला आम्लगुण देणारा अणुगट असतो. साखळीतील प्रत्येक कार्बनने शक्य तेवढे हायड्रोजन अणू धरून ठेवले असतील आणि दोन कार्बनांमध्ये कोठेही दुहेरी बंध उरला नसेल, तर ते मेदाम्ल संपृक्त म्हटले जाते; एक किंवा अधिक दुहेरी बंध असतील तर असंपृक्त. अशी तीन मेदाम्ले ग्लिसरॉलच्या एका रेणूला जोडली गेली की ट्रायग्लिसराइड तयार होते, आणि तेल, तूप, लोणी, चरबी हे सारे मुख्यतः ट्रायग्लिसराइडांचेच बनलेले असते. सजीवांच्या पेशी या साखळ्या दोन-दोन कार्बनांची भर घालत रचत असल्यामुळे आहारातील बहुतेक मेदाम्लांतील कार्बनांची संख्या सम असते : लोणी-तुपातील ब्युटिरिक आम्लात ४ कार्बन, कॅप्रोइकमध्ये ६, कॅप्रिलिकमध्ये ८, कॅप्रिकमध्ये १०, खोबरेल तेलातील प्रमुख अशा लॉरिक आम्लात १२, मिरिस्टिकमध्ये १४, पाम तेलात विपुल असलेल्या पामिटिकमध्ये १६ आणि स्टिअरिकमध्ये १८.

लांबी वाढत जाते तसा वितळणबिंदू चढत जातो. ब्युटिरिक आम्ल शून्य अंश सेल्सिअसच्या खालीही द्रव राहते, कॅप्रिलिक सुमारे १७ अंशांना वितळते, लॉरिक ४४ अंशांना, मिरिस्टिक ५४, पामिटिक ६३ आणि स्टिअरिक जवळजवळ ७० अंशांना. मेदांचे हे घटक प्रथम वेगळे करून दाखवणारा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्हरल यानेच एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पित्तखड्यांतून मिळणाऱ्या मेणचट पदार्थाला ‘कोलेस्टेरिन’ हे नाव दिले, आणि १८२५ साली गे-ल्युसॅकच्या साथीने स्टिअरिक आम्लाच्या मेणबत्त्यांचे एकस्वही घेतले. मेदाम्ले आणि कोलेस्टेरॉल यांचा अभ्यास अशा रीतीने एकाच प्रयोगशाळेत सुरू झाला असला, तरी त्या दोहोंतील नाते स्पष्ट व्हायला पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे जावी लागली.

ते नाते समजण्यासाठी प्रथम हे ध्यानात घ्यावे लागते की कोलेस्टेरॉल हे विष नाही. प्रत्येक पेशीच्या आवरणात ते असते, पित्ताम्ले आणि अनेक संप्रेरके त्यापासून बनतात, आणि शरीर आपल्या गरजेचा मोठा भाग स्वतःच तयार करते. पाण्यात न विरघळणारे हे द्रव्य रक्तातून वाहून नेण्यासाठी प्रथिने व मेद मिळून बनलेल्या सूक्ष्म कणांची, म्हणजे मेदप्रथिनांची, योजना असते. त्यांपैकी कमी घनतेचे मेदप्रथिन, म्हणजे एलडीएल, रक्तात जास्त झाले की ते धमन्यांच्या भिंतीत शिरून साचू लागते आणि तेथूनच हृदयविकाराचा पाया घातला जातो. अधिक घनतेचे एचडीएल पेशींतील जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणण्याचे काम करते. रक्तातील एलडीएल किती राहील हे मुख्यतः यकृत ठरवते. यकृतपेशींच्या पृष्ठभागावर एलडीएल पकडून आत घेणारी प्रथिने, म्हणजे ग्राही, असतात, आणि रक्तातून दूर होणाऱ्या एलडीएलपैकी सुमारे दोन-तृतीयांश भाग याच ग्राहींमार्फत जातो. या ग्राहींचा शोध टेक्सासमधील डॅलस येथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी १९७० च्या दशकात लावला व त्यासाठी त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ग्राही कमी झाले की एलडीएल रक्तात रेंगाळते. आहारातील मेदाम्लांचा प्रश्न अखेर या ग्राहींपाशी येऊन थांबतो.

ग्राहींचा शोध लागण्यापूर्वीच आहार आणि कोलेस्टेरॉल यांचे गणित मात्र मांडले गेले होते. मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तर हार्वर्डमध्ये मार्क हेगस्टेड यांच्या गटाने माणसांवर काटेकोर आहारप्रयोग केले आणि दोन्ही गटांची समीकरणे १९६५ साली पूर्णत्वास आली. हे प्रयोग बहुतांशी राज्य मनोरुग्णालयांतील रुग्णांवर झाले, कारण तेथे प्रत्येकाच्या ताटात काय पडते यावर महिनोन्‌महिने नियंत्रण ठेवता येत असे. आजच्या संमतीच्या निकषांवर असे प्रयोग उभे राहू शकणार नाहीत, आणि ज्या माणसांना आपले जेवण निवडण्याचाही अधिकार नव्हता त्यांच्यामुळे हे ज्ञान मिळाले, हे आहारशास्त्राच्या इतिहासात स्पष्टपणे नोंदवले गेले पाहिजे.

कीज यांच्या समीकरणाचा सारांश असा की एकूण ऊर्जेपैकी जितके टक्के ऊर्जा संपृक्त मेदातून येते, त्याच्या वाढीने रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते, बहुअसंपृक्त मेदाच्या वाढीने ते घटते, आणि पहिल्याचा परिणाम दुसऱ्याच्या सुमारे दुप्पट असतो. पण या समीकरणातील ‘संपृक्त’ या पदात कीज यांनी सगळी संपृक्त मेदाम्ले धरलीच नव्हती. प्रत्यक्ष निरीक्षणे समीकरणाशी जुळेनात तेव्हा १२ पेक्षा कमी कार्बन असलेली मेदाम्ले आणि १८ कार्बनांचे स्टिअरिक आम्ल ही त्यांना वगळावी लागली. मगच हिशेब लागला. हेगस्टेड यांच्या गटालाही हेच आढळले, आणि शिवाय १४ कार्बनांचे मिरिस्टिक आम्ल सर्वांत प्रबळ असल्याचे त्यांच्या आकड्यांतून दिसले. म्हणजे ज्या संशोधनाच्या आधारे ‘संपृक्त मेद टाळा’ हा सल्ला जगभर पसरला, त्याच संशोधनात साखळीच्या लांबीचा अपवाद पहिल्यापासून नोंदवलेला होता. सल्ला लोकांपर्यंत पोहोचला आणि अपवाद ग्रंथालयात राहिला.

स्टिअरिक आम्लाबाबतचा निर्णायक मानला जाणारा प्रयोग आंद्रेआ बोनानोमे आणि स्कॉट ग्रंडी यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. ११ व्यक्तींना त्यांनी तीन-तीन आठवडे द्रवरूप आहार दिला. एका टप्प्यात त्यातील मेद पामिटिक आम्लाने समृद्ध होता, दुसऱ्यात स्टिअरिकने आणि तिसऱ्यात एकअसंपृक्त ओलेइक आम्लाने. पामिटिक आहाराच्या तुलनेत स्टिअरिक आहारावर एकूण कोलेस्टेरॉल सरासरीने १४ टक्के आणि एलडीएल २१ टक्के कमी होते. ओलेइक आहारावर ही घट अनुक्रमे १० आणि १५ टक्के होती. दोन कार्बनांनी लांब असलेले एक संपृक्त मेदाम्ल आपल्या धाकट्या शेजाऱ्याच्या तुलनेत ऑलिव्ह तेलातील प्रमुख मेदाम्लाच्या पंक्तीला जाऊन बसले होते. सहभागी व्यक्ती थोड्या आणि आहार कृत्रिम होता हे खरे, तरी पुढील अनेक प्रयोगांतून स्टिअरिक आम्लाची ही तटस्थता पुन्हा दिसत राहिली.

असे का घडते याचे उत्तर आतड्यापासून शोधावे लागते. १० पर्यंत कार्बन असलेली मेदाम्ले पाण्यात तुलनेने सहज मिसळतात, त्यामुळे ती आतड्याच्या पेशींतून थेट प्रतिहारी शिरेत, म्हणजे पचनसंस्थेचे रक्त यकृताकडे नेणाऱ्या शिरेत, उतरतात आणि यकृतात पोहोचतात. तेथे पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांमध्ये शिरण्यासाठी लांब साखळ्यांना कार्निटिन नावाच्या वाहक रेणूची मदत लागते. आखूड साखळ्यांचे तिच्यावाचून अडत नाही. परिणामी ती लवकर जाळली जातात, मेद म्हणून साठण्याची किंवा मेदप्रथिनांत बांधली जाण्याची वेळ त्यांच्यावर क्वचित येते. लांब मेदाम्लांची वाट वेगळी आहे. आतड्याच्या पेशींत त्यांची पुन्हा ट्रायग्लिसराइडे बनतात, कायलोमायक्रॉन नावाच्या मोठ्या मेदकणांत ती भरली जातात, आणि लसीकावाहिन्यांतून छातीतील मुख्य नलिकेमार्गे रक्तात येतात. वाटेत स्नायू आणि मेदपेशी आपला वाटा काढून घेतात व उरलेले यकृताकडे जाते.

यकृतात गेल्यावर काय होते हे डॅलसमध्येच जॉन डिएची, डेव्हिड स्पेडी आणि लॉरा वुलेट यांनी हॅमस्टर या प्राण्यावर ६ ते १८ कार्बनांची मेदाम्ले एकेक करून तपासून दाखवले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात १२, १४ आणि १६ कार्बनांच्या मेदाम्लांनी यकृतातील एलडीएल-ग्राहींचे कार्य दाबले आणि रक्तातील एलडीएल वाढवले. ६, ८ आणि १० कार्बनांची मेदाम्ले तसेच १८ कार्बनांचे स्टिअरिक यांनी तसे केले नाही. माणसांवरील प्रयोगांतून कीज आणि हेगस्टेड यांनी सत्तावीस वर्षांपूर्वी जी सीमारेषा आखली होती, तीच पेशीच्या पातळीवर पुन्हा उमटली.

यामागची यंत्रणा थोडी बारकाईने पाहण्याजोगी आहे. यकृतपेशीतील कोलेस्टेरॉल दोन रूपांत असते : एक मुक्त, आणि दुसरे मेदाम्लाशी जोडले जाऊन एस्टर बनलेले, जे मेदबिंदूंच्या रूपाने बाजूला साठवले जाते. पेशी आपल्याकडे कोलेस्टेरॉल पुरेसे आहे की नाही हे केवळ मुक्त साठ्यावरून ओळखते. तो वाढला की ग्राही बनवणाऱ्या जनुकाचे काम मंदावते, आणि घटला की वाढते. मुक्त कोलेस्टेरॉलचे एस्टरमध्ये रूपांतर करणाऱ्या विकराला ओलेइक आम्ल विशेष मानवते. त्यामुळे आहारातून असंपृक्त मेदाम्ले आली की कोलेस्टेरॉल एस्टररूपात बाजूला पडते, मुक्त साठा आटतो आणि पेशी अधिक ग्राही बाहेर काढून रक्तातील एलडीएल ओढून घेते. १२ ते १६ कार्बनांची संपृक्त मेदाम्ले या एस्टरीकरणाला पोषक नसतात. मुक्त साठा फुगलेला राहतो, पेशीला सुबत्तेचा भास होतो आणि ग्राही कमी होतात. शरीरातील एकूण कोलेस्टेरॉल न वाढताही रक्तातील एलडीएल का वाढते, याचा उलगडा या एका यंत्रणेने होतो, आणि म्हणूनच आहारातील कोलेस्टेरॉलपेक्षा आहारातील मेदाम्लांचा प्रकार अधिक महत्त्वाचा ठरतो.

स्टिअरिक आम्ल या सापळ्यातून सुटते याची दोन कारणे सांगितली जातात. यकृतात एक विकर त्याच्या साखळीच्या मध्यावर दुहेरी बंध घालून त्याचे ओलेइक आम्ल बनवतो. माणसात आहारातील स्टिअरिकपैकी सुमारे दहावा हिस्सा अशा रीतीने बदलतो, आणि हे प्रमाण पामिटिक आम्लात होणाऱ्या तशाच बदलापेक्षा कितीतरी जास्त आहे. शिवाय फार उंच वितळणबिंदूमुळे, विशेषतः एकाच रेणूत तीनही जागी स्टिअरिक असेल तर, त्याचे शोषण अपुरे होते. पहिले कारण एकट्याने सगळा परिणाम समजावून देण्यास पुरेसे नाही, कारण नव्वद टक्के स्टिअरिक न बदलताच राहते. दोन्ही मिळून चित्र बरेच पूर्ण होते.

आता लॉरिक आम्लाकडे वळावे लागते, कारण साखळीच्या लांबीचा सर्वाधिक गैरवापर त्याच्याच बाबतीत झाला आहे. रसायनशास्त्राच्या वर्गवारीत १२ कार्बनांचे लॉरिक ‘मध्यम साखळी’च्या गटात टाकले जाते, आणि या नावाचा आधार घेऊन खोबरेल तेल हे वजन घटवणारे, लगेच जळून जाणारे, हृदयाला निर्धोक तेल असल्याचा प्रचार केला जातो. परंतु ज्या प्रयोगांचा दाखला दिला जातो ते ८ आणि १० कार्बनांच्या मेदाम्लांपासून मुद्दाम बनवलेल्या वैद्यकीय तेलावर झालेले आहेत. खोबरेल तेलात ही दोन मेदाम्ले मिळून साधारण १५ टक्के असतात. त्याचा जवळजवळ निम्मा भाग लॉरिकचा आणि सहाव्या-पाचव्या हिश्शाएवढा भाग सर्वांत प्रबळ अशा मिरिस्टिकचा असतो. लॉरिकचा मोठा हिस्सा लांब मेदाम्लांप्रमाणे कायलोमायक्रॉनमधूनच जातो आणि यकृतात तो ग्राही दाबणाऱ्यांच्या बाजूला उभा राहतो. म्हणून शरीरक्रियेच्या दृष्टीने लॉरिकला लांब साखळीत गणणेच योग्य आहे.

खोबरेल तेलाच्या बाजूने केला जाणारा अधिक गंभीर युक्तिवाद एचडीएलचा आहे. रोनाल्ड मेन्सिंक, मार्टिन कटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ६० नियंत्रित प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, त्यात लॉरिक आम्ल एकूण कोलेस्टेरॉल सर्वाधिक वाढवते, पण त्या वाढीचा बराच भाग एचडीएलचा असल्यामुळे एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल यांचे गुणोत्तर मात्र सुधारते, असे दिसले. हा निष्कर्ष खरा आहे. त्याचा अर्थ मात्र त्यानंतरच्या दहा वर्षांत बदलला. एचडीएल वाढवणारी औषधे एकामागून एक अपयशी ठरली. डॅलसेट्रॅपिबने एचडीएल सुमारे तीस टक्के वाढवूनही हृदयविकार कमी झाला नाही आणि २०१२ मध्ये त्याची चाचणी थांबवावी लागली. जन्मतःच ज्यांचे एचडीएल एका जनुकीय बदलामुळे अधिक असते अशांनाही हृदयविकारापासून संरक्षण मिळत नाही, असे त्याच वर्षी आढळले. उलट एलडीएलबाबतचा पुरावा दर वर्षी बळकट होत गेला. वाढलेल्या एचडीएलने वाढलेल्या एलडीएलची भरपाई होते, असे आता म्हणता येत नाही. २०२० मधील १६ चाचण्यांच्या विश्लेषणानुसार इतर वनस्पतितेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने एलडीएल प्रति डेसिलिटर सुमारे १० मिलिग्रॅम वाढवले, आणि नारळाच्या प्रदेशातील घराघरांत याच आकड्याची दखल घेतली जायला हवी.

याला उत्तर म्हणून प्रशांत महासागरातील पुकापुका आणि टोकेलाऊ बेटांचे उदाहरण दिले जाते. इयन प्रायर यांच्या गटाने १९८१ मध्ये नोंदवले की टोकेलाऊचे रहिवासी ६३ टक्के ऊर्जा नारळातून मिळवत आणि तरीही तेथे रक्तवाहिन्यांचे विकार दुर्मीळ होते. त्याच अहवालात हेही नोंदवले आहे की पुकापुकाच्या, म्हणजे ३४ टक्के ऊर्जा नारळातून घेणाऱ्या, लोकांपेक्षा त्यांचे कोलेस्टेरॉल प्रति डेसिलिटर ३५ ते ४० मिलिग्रॅमने अधिक होते. ती माणसे ओले खोबरे, मासे आणि कंदमुळे खाऊन अंगमेहनत करणारी होती. बाटलीतील शुद्धीकृत तेलात तळलेल्या शहरी आहाराला त्यांचे दाखले लागू पडत नाहीत.

८ ते १० कार्बनांची मेदाम्ले तरी पूर्ण निर्दोष आहेत काय, हाही प्रश्न उरतो. १९९७ मध्ये डॅलसमधीलच एका छोट्या प्रयोगात अशा तेलाने सौम्य वाढलेले कोलेस्टेरॉल असलेल्या पुरुषांत ते पामिटिकच्या निम्म्या शक्तीने वाढवल्याचे दिसले होते. अपस्मार किंवा मेदशोषणाच्या आजारांत या तेलाला वैद्यकीय स्थान आहे. रोजच्या स्वयंपाकात ते आणण्याचे कारण नाही.

भारतीय स्वयंपाकघरापुरते बोलायचे तर पामिटिक आम्ल हा सर्वांत मोठा प्रश्न आहे. पाम तेलात ते सुमारे ४४ टक्के असते, भारत हा जगातील सर्वांत मोठा पाम तेल आयातदार आहे, आणि फरसाण, बिस्किटे, खारी, हॉटेलातील तळण यांच्या रूपाने हे तेल विकत आणल्याची जाणीवही न होता पोटात जाते. तुपात आखूड साखळीचे ब्युटिरिक आम्ल जेमतेम तीन-चार टक्के असते, त्याच्या गुणांची चर्चा फार होते. पण त्याच तुपात पामिटिक पाव भागाहून अधिक आणि मिरिस्टिक दहाव्या हिश्शाएवढे असते. तुलनेने शेंगदाणा तेलात संपृक्त मेदाम्ले पाचव्या हिश्शाहून कमी आणि करडई तेलात दहा टक्क्यांच्या आसपासच आहेत.

या दृष्टीने कोकणातील एक मेद लक्ष देण्याजोगा आहे. रातांब्याच्या बियांपासून निघणारे कोकमतेल, ज्याला काही भागांत मुठेल म्हणतात, खोलीच्या तापमानाला इतके घट्ट असते की त्याचे गोळे वळून ठेवतात आणि ते टाचांच्या भेगांना लावतात. घट्टपणावरून ते हानिकारक वाटावे. प्रत्यक्षात त्यात निम्म्याहून अधिक स्टिअरिक आणि उरलेल्यात मुख्यतः ओलेइक असते, पामिटिक अगदी थोडे. कोकोच्या लोण्यातही स्टिअरिक सुमारे एक-तृतीयांश असते, आणि या साम्यामुळेच युरोपीय संघाच्या नियमांत चॉकलेटमध्ये मर्यादित प्रमाणात वापरण्यास मुभा असलेल्या सहा वनस्पतिमेदांत कोकमाचा समावेश आहे. मेद घट्ट आहे की पातळ, यावरून त्याचा कोलेस्टेरॉलवरील परिणाम ओळखता येत नाही, हे कोकमतेलाइतके स्पष्ट दुसरे कोणतेही उदाहरण दाखवत नाही.

मात्र याच ठिकाणी सावधगिरीही हवी. प्रयोगशाळेत मेदाम्ले वेगळी करता येतात, ताटात ती वेगळी येत नाहीत; मांस आणि दुधाच्या पदार्थांत स्टिअरिक पामिटिकच्या सोबतीनेच असते. २०१६ मध्ये अमेरिकेतील दोन दीर्घकालीन पाहण्यांत स्टिअरिक अधिक खाणाऱ्यांतही हृदयविकार अधिक दिसला, तो बहुधा या सोबतीमुळे. शिवाय ‘तटस्थ’ म्हणजे ‘हितकारक’ नव्हे : स्टिअरिक आम्ल पामिटिकच्या जागी आले तर लाभ होतो, करडई किंवा शेंगदाणा तेलाच्या जागी आले तर होत नाही. संपृक्त मेद कमी करून त्या जागी मैदा आणि साखर आली तरी हृदयविकार टळत नाही. बहुअसंपृक्त तेल आले तर एलडीएल निश्चितपणे उतरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्येही संपृक्त मेदाची मर्यादा एकूण ऊर्जेच्या १० टक्के अशी एकत्रितच ठेवली आहे, आणि सार्वजनिक सल्ला म्हणून ते योग्य आहे.

वेष्टनावर साखळीची लांबी छापलेली नसते, पण घटकयादीत तेलाचे नाव असते. तेथे पाम तेल, पामोलीन किंवा खोबरेल तेल लिहिलेले असेल तर वरच्या तक्त्यातील संपृक्त मेदाचा आकडा मुख्यतः १२ ते १६ कार्बनांच्या मेदाम्लांचाच आहे असे समजावे.